श्रीखंड्या आमच्या घरी कधी येणार?

आमच्या घरात दोन कॅलेंडरं आहेत. एक स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं. त्यावर चतुर्थी, एकादशी, सिलिंडर लावल्याची तारीख, दूधवाल्याचे खाडे, मुलीच्या परीक्षा असं सगळं मी लिहून ठेवते. दुसरं कॅलेंडर माझ्या डोक्यात आहे. त्यावर एकच गोष्ट असते, पाणी! मागच्या वेळी कधी आलं, किती वाजता आलं, किती वेळ होतं, आता कधी येईल, मध्येच लाइन फुटली तर किती दिवस पुढे जाईल... हे दुसरं कॅलेंडर घरात कुणालाच दिसत नाही. आणि मैत्रिणींनो, आज मला त्या न दिसणाऱ्या कॅलेंडरबद्दलच बोलायचंय.

मी राहते छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला जायकवाडीचं धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते लोकांना अर्पण झालं. पूर्ण भरलं की शंभर टीएमसीच्या वर पाणी. माझं माहेर त्याच पैठणचं. लहानपणी पाहुणे आले की आम्ही त्यांना मोठ्या अभिमानानं नाथसागर दाखवायला न्यायचो. समुद्र न बघितलेल्या आम्हा पोरींना तोच समुद्र वाटायचा. अशा पाण्याच्या गावची लेक मी, आणि सासरी आल्यापासून बादल्या मोजतेय! 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण ज्यानं कुणी केली, तो आमच्याच गल्लीत राहत असणार.

लग्न होऊन आले तेव्हा दिवसाआड पाणी यायचं. तेव्हा तेही जड वाटायचं. मग दोन दिवसांआड झालं, मग चार दिवसांनी, आणि अलीकडच्या उन्हाळ्यांत तर आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी. शहर वाढत गेलं आणि जायकवाडीहून येणाऱ्या जुन्या जलवाहिन्या थकत गेल्या. आधी समांतर जलवाहिनीची योजना झाली, ती मोडली. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. मे २०२२ मध्ये पाण्यासाठी शहरात मोठा मोर्चाही निघाला. माणूस आत उभा राहील एवढे मोठे पाइप पैठण रस्त्याच्या कडेला पडलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यावर पेपरात रोज छापून येतं आणि ते लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. मला सांगायचंय ते पाणी नळापर्यंत आल्यानंतरचं. नळापासून पुढे घरात जे राजकारण चालतं, त्यावर कुणी मोर्चा काढत नाही.

पाण्याचा दिवस म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. घरोघरी मातीच्याच चुली. लाइनमनला आदल्या दिवशी फोन करायचा, "दादा, उद्या नक्की का?" तो म्हणतो, "ताई, वरून सुटलं तर सुटेल." मग रात्री झोप लागत नाही. शेजारच्या काकूंच्या मोटारीचा आवाज आला की दचकून उठायचं. आधी हौद, मग गच्चीवरची टाकी, मग ड्रम, पिंप, माठ, कळशा, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा! पहिलं पाणी गढूळ येतं, ते झाडांना. मग पिण्याचं गाळून घ्यायचं. मध्येच वीज गेली तर मोटार बंद, मग बादलीनं उपसा. पाऊण तासात नळाची धार बारीक होते आणि आपला जीव भांड्यात पडतो, अगदी खरोखरच्या भांड्यात.

एवढ्यावर काम संपतं असं वाटत असेल तर तसं नाही. साठवलेल्या पाण्याचा दुसरा घोर असतो, डासांचा. डेंग्यूचा डास गटारात नाही, आपल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला उबदार दिवसांत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आरोग्य खात्याचे लोक सांगतात की आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, भांडी रिकामी करून घासा. आता ज्या गावात पाणीच आठव्या-नवव्या दिवशी येतं, तिथं सातव्या दिवशी भरलेला ड्रम कोण ओतून देणार? म्हणजे मग प्रत्येक ड्रमाला सुती कपडा घट्ट बांधायचा आणि रिकामा झाला की आतला काठ काथ्यानं घासायचा. कारण ही अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडी, महिनोन् महिने तग धरून बसतात. हेही कुणाच्या लक्षात असतं? आईच्या!

मग आमची छोटीशी बाग. बाग म्हणजे काय, अंगणात एक कढीपत्ता, एक जास्वंद, गच्चीवर दहा-बारा कुंड्या आणि दारापाशी मोगरा. हा मोगरा माझ्या आईनं पैठणहून ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेल्या फांदीचा. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात ही झाडं जगतात ती तांदूळ धुतलेल्या पाण्यावर, भाजी धुतलेल्या पाण्यावर. कुंड्यांत मी नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला पसरते, म्हणजे ओल टिकते. मोगऱ्याच्या बुडाशी एक जुनं मडकं पुरलंय. ते भरून ठेवलं की दोन-तीन दिवस पाझरत राहतं. घरातले सगळे मोगऱ्याचा वास घेतात आणि म्हणतात, "काय सुंदर फुललाय!" पण मडक्यात पाणी कोण ओततं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मोगरा जणू आपोआपच फुलतो, जसं घरातलं पाणी आपोआपच भरतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. २०२४ च्या मे महिन्यातली. त्या उन्हाळ्यात जायकवाडी पार तळाला गेलं होतं आणि आमच्याकडे आठव्या दिवशी पाणी येत होतं. शुक्रवारी पाणी आलं, सगळं भरून झालं, कपडे, चादरी, फरशी सगळं उरकलं. शनिवारी सकाळी निवांत पैठणला आईला फोन लावला. आई एकटीच असते तिथे. सत्तरी ओलांडलीय, पण आवाज खणखणीत. त्या दिवशी आवाज जरा बारीक वाटला. म्हटलं, "काय झालं गं?" तर म्हणते, "काही नाही बाई, गुरुवारी न्हाणीत पाय घसरला. हातावर पडले. शेजारणीनं फडकं बांधून दिलंय."

गुरुवारी! आणि आज शनिवार! मी ओरडलेच, "अगं, मग तेव्हाच फोन नाही का करायचा?" त्यावर आई जे म्हणाली ते मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणाली, "तुझं पाणी शुक्रवारी यायचं होतं ना? फोन केला असता तर तू पाणी टाकून आली असतीस. मग आठ दिवस काय केलं असतंस? म्हटलं, तुझं पाणी भरून होऊ दे, मग सांगू."

मोडलेला हात घेऊन माझी आई दोन दिवस बसून राहिली, कारण तिला माझा पाण्याचा वार पाठ होता. पन्नास किलोमीटरवर बसलेल्या सत्तरीच्या बाईला तो पाठ होता!

मी तशीच उठले, पहिली एसटी पकडली. मुलीची परीक्षा संपली होती, तीही बरोबर आली. आईला दवाखान्यात नेलं, मनगट मोडलं होतं. हात टम्म सुजलेला. डॉक्टर म्हणाले, "आजी, लवकर का नाही आलात?" आई माझ्याकडे बघून नुसती हसली. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. प्लास्टर झालं, आणि एका हाताच्या आईला सोडून लगेच निघणं शक्य नव्हतं. मी आठवडाभर राहिले. निघताना घरी सांगितलं होतं, "पुढच्या शनिवारी पाणी येईल, लक्ष ठेवा." घरी कोण होतं? आमचे हे आणि चिरंजीव. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो. सासूबाई जालन्याला दिरांकडे गेलेल्या. म्हणजे दोन धडधाकट पुरुष.

पुढच्या रविवारी मी परत आले. दार उघडलं आणि आधी मोगऱ्याकडे नजर गेली. पानं करपून कागदासारखी झालेली. आत गेले तर सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर. ड्रमचं झाकण उचललं तर तळ दिसला. म्हटलं, "अहो, काल पाणी आलं नाही का?" हे पेपर वाचत होते. म्हणाले, "आलं असेल. आम्हाला कुणी सांगितलंच नाही." चिरंजीव म्हणाले, "मी हेडफोन लावून बसलो होतो, आई." शेजारच्या काकू नंतर म्हणाल्या, "दुपारी आलं होतं की! चांगलं पाऊण तास होतं. तुमच्याकडे माणसं दिसली, वाटलं भरत असतील."

माझा तोल गेला. बस स्टँडवरून आलेली, दमलेली, त्यात ते करपलेलं झाड. बरंच बोलले. त्यावर हे अगदी शांतपणे म्हणाले, "अगं, मग एक फोन करून आठवण करायची ना! आम्ही भरलं असतं की."

आठवण करायची ना! मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलंय ना? मी त्या रात्री बराच वेळ त्यावर विचार केला. आमचे हे वाईट नाहीत हो. सांगितलं तर दहा बादल्या उचलतील, कुरकुर न करता. पण 'सांगितलं तर'. बादली उचलणं हे पाव काम आहे. उरलेलं पाऊण काम म्हणजे लक्षात ठेवणं, वाट बघणं, कान देऊन बसणं, त्या दिवशी कुठे न जाणं. तेच काम कुणी मोजत नाही. हौद भरायला पाऊण तास लागतो हे सगळ्यांना दिसतं. पण त्या पाऊण तासासाठी बाईचा आख्खा दिवस दाराशी बांधलेला असतो, तो दिसत नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. त्यात निघालं की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं कमी झाली तर त्यांनीही नऊ कमी करून घेतली! आणि मला खात्री आहे, पाण्याची वाट बघत भाजी निवडणाऱ्या बाईनं ती वेळ 'भाजी निवडली' अशीच सांगितली असणार. कान नळाकडे होते हे ती सांगणारच नाही. तिलाही ते काम वाटत नाही ना!

आता हे सगळं नवऱ्यावर आणि मुलावर ढकलून मी मोकळी होणार नाही. आरशात बघायला हवं. चिरंजीव दहा-अकरा वर्षांचा असताना त्याला पाणी भरायची भारी हौस होती. पाइप धरून उभा राहायचा. एकदा त्यानं पाइप हौदाबाहेर सोडला आणि अंगणभर पाणी झालं. तेव्हा मीच त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाले होते, "हो बाजूला, तुला नाही जमायचं. ताईला बोलाव." तो बाजूला झाला तो आजतागायत! ताईनंही पाणी सांडलं होतं. पण तिला मी म्हणाले, "नीट धर, शिक, पुढे तुलाच करायचंय." एकाच घरात, एकाच आईनं, एकाच सांडलेल्या पाण्याबद्दल दोन मुलांना दोन वेगळे धडे दिले. त्याचं पीक आता माझ्याच पदरात पडतंय, तर तक्रार कुणाकडे करू?

आणखी एक कबुली. मी एका वस्तीत महिला बचत गटांचं काम बघते. गटाचा नियम असा, की मासिक बैठकीला न आलेल्या बाईला दहा रुपये दंड. हा नियम मीच मोठ्या शिस्तीनं लावलेला. पैठणहून आल्यानंतरच्या बैठकीत मी दंडाची वही चाळली आणि माझ्या लक्षात आलं, की ठरावीक बायकांनाच परत परत दंड बसलाय. विचारलं तर एक जण म्हणाली, "ताई, त्या दिवशी आमच्या गल्लीत टँकर असतो ना." ही बाई चार घरी स्वयंपाकाला जाते. टँकरच्या दिवशी तिचा कामाचा खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. वर आम्ही दंड घेतला! तिची चौदा वर्षांची पोर त्या दिवशी शाळेत जात नाही, नंबर धरायला उभी राहते. मुलगा? "तो पोरगा हाय ना ताई, त्याला बाया रांगेत उभं राहू देत न्हाईत. हसतात." मी माझी मोगऱ्याची आणि भांड्यांची कहाणी सांगितली तेव्हा ती सहज म्हणाली, "तुमच्याकडं पाणी भरायचं विसरलं तर भांडण होतं ताई. आमच्याकडं विसरलं तर रोजी जाते." मी गप्प झाले. दंड मी त्याच दिवशी रद्द केला आणि बैठकीचा वार बदलला. पण इतकी वर्षं मला हे दिसलं नव्हतं, याची लाज वाटली.

'हसतात' हा शब्द मात्र डोक्यात घोळत राहिला. पुरुष पाणी भरतो यात हसण्यासारखं काय आहे? बघा ना, आपल्या भाषेतच 'त्याच्यापुढे भलेभले पाणी भरतात' असं म्हणतात. म्हणजे पाणी भरणारा तो कमी, भरून घेणारा तो मोठा! आणि गंमत म्हणजे, माझ्या माहेरी ज्या गोष्टीवर मी वाढले ती याच्या अगदी उलट आहे. एकनाथ महाराजांच्या घरी प्रत्यक्ष देव श्रीखंड्याचं रूप घेऊन आला आणि बारा वर्षं कावडीनं गोदावरीचं पाणी भरत राहिला, असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय. पैठणला नाथांच्या वाड्यात तो रांजण आजही दाखवतात. नाथषष्ठीच्या आधी तुकाराम बीजेपासून भाविक त्यात पाणी ओतायला लागतात आणि रांजण भरून वाहिला की देव येऊन गेला असं मानतात. मीही लहानपणी रांगेत उभी राहून त्यात पाणी ओतलंय. तिथं पुरुषही मोठ्या भक्तिभावानं घागर ओततात. तेच पुरुष घरी आले की हौदाचा कॉक कुठंय ते त्यांना माहीत नसतं! देवाला पाणी भरायची लाज वाटली नाही, जनाबाईसोबत दळायचीही लाज वाटली नाही. मग आपल्या घरच्या देवांनाच एवढी लाज का?

पाणी हा फक्त बायकांचा प्रश्न नाही, गावाचा आहे, हे मृणाल गोरेंनी मुंबईत हंडे घेतलेल्या बायकांना रस्त्यावर आणून दाखवून दिलं होतं. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायचे. १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घरोघरी पोचली होती. पाणी भरणारी बाई दिल्लीपर्यंत गेली, पण घरातली पाण्याची वाटणी काही बदलली नाही. दिल्लीपेक्षा स्वयंपाकघर ते अंगण हे अंतर जास्त लांब आहे, असंच म्हणायचं!

मग आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. माझ्या डोक्यातलं कॅलेंडर काढून भिंतीवर लावलं. पाण्याच्या प्रत्येक फेरीपुढे एक नाव, एकदा हे, एकदा चिरंजीव, एकदा मुलगी, एकदा मी. आणि नियम एकच, ज्याची फेरी त्यानं सगळं करायचं. लाइनमनला फोन, रात्री कान देऊन झोपणं, हौद, टाकी, ड्रम, कपडा बांधणं, काठ घासणं, मोगऱ्याच्या मडक्यात पाणी, सगळं. 'तू सांग, मी करतो' हे चालणार नाही. 'आईला मदत' हा शब्दही घरातून हद्दपार केला. पाणी सगळे पितात, सगळे आंघोळ करतात, मग मदत कसली? ज्याचं त्याचं काम.

पहिल्या दोन महिन्यांत काय काय झालं ते विचारू नका. एकदा यांनी गढूळ पाणी थेट पिण्याच्या टाकीत सोडलं. एकदा चिरंजीवांच्या फेरीला हौद भरून वाहिला आणि पाणी रस्त्यापर्यंत गेलं. काकूंनी तेवढ्यात मला ऐकवलंच, "बायको घरात असताना माणसाला पाणी भरायला लावते!" सासूबाई जालन्याहून परत आल्या त्यांनाही आवडलं नाही. "आम्ही आडावरून शेंदून आणायचो, कधी बोललो नाही," म्हणाल्या. मी हळूच विचारलं, "आई, त्या वेळी बोलावंसं वाटायचं का हो?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दिवस गेलेले असताना फार वाटायचं." त्यानंतर त्यांनी या विषयावर एक शब्द काढला नाही. उलट नातवाच्या फेरीला त्याच आता दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि त्याला हाक मारतात. हीही एका बाईनंच आठवण ठेवणं झालं म्हणा! पण सत्तर पावसाळे पाहिलेल्या बाईला मी किती नियम सांगू?

सगळ्यात अवघड काम माझ्या वाट्याला आलं, तोंड बंद ठेवण्याचं. दुसऱ्याच्या फेरीला माझी आतून तगमग होते. मोटार लावली का, कपडा बांधला का, पाणी सांडलं का... ओठांवर आलेलं गिळावं लागतं. पण एक फेरी चुकली तर आठ दिवस सगळ्यांनाच काटकसर करावी लागते, हे त्यांनाही एकदा कळायला हवं. आपण दरवेळी धावून जाऊन सावरतो, म्हणून तर त्यांना कधीच काही कळत नाही.

कुणी म्हणेल, नवी योजना पूर्ण झाली, रोज पाणी आलं की हा प्रश्नच मिटेल. येऊ दे बाई रोज पाणी, देव करो आणि लवकर येवो! आता धरण भरणं आणि नळ भरणं यांचा संबंध किती, ते आम्ही बघितलंय. त्याच २०२४ च्या सप्टेंबरात जायकवाडी भरून दरवाजे उघडावे लागले, तरी आमच्या ड्रमांना सुट्टी मिळाली नाही. पण समजा उद्या रोज पाणी आलं, तरी डोक्यातलं कॅलेंडर काही पुसलं जाणार नाही. पाण्याच्या जागी सासऱ्यांच्या गोळ्या येतील, सिलिंडरचा नंबर येईल, रेशन येईल, मुलांची फी येईल. लक्षात ठेवण्याचं ओझं एकाच डोक्यावर राहिलं तर नळ बदलून काय उपयोग?

मोगऱ्याचं सांगायचं राहिलं. करपलेल्या फांद्या मी बुडापासून छाटल्या, मडकं भरत राहिले, आणि पावसाळ्यात त्याला खालून हिरवे कोंब आले. आईचा हातही जुळून आला, थोडा वाकडा राहिलाय. पोळी लाटताना दुखतो म्हणते. तो हात बघितला की मला आजही ते दोन दिवस आठवतात आणि वाटतं, आपल्या आया आपल्या पाण्याचे वार पाठ करून बसतात आणि आपण त्याला माया म्हणतो. मायाच आहे ती. पण तिची किंमत तिनं मोडक्या हातानं का द्यावी?

तेव्हा मैत्रिणींनो, आज एक करून बघा. जेवायला सगळे बसले की सहज विचारा, "आपल्याकडे पाणी पुन्हा कधी येणार?" कोण उत्तर देतं ते बघा. कुणालाच आलं नाही तर चिडू नका. एक कागद घ्या आणि नावं लिहायला लागा. आणि पोरानं पाणी सांडलं तर त्याला बाजूला करू नका. सांडू दे. पुसायचं फडकंही त्याच्याच हातात द्या.

परवा आईचा फोन आला. सवयीनं म्हणाली, "आज पाण्याचा वार ना गं तुझा? मग नंतर बोलते." म्हटलं, "बोल की निवांत. आज माझी फेरी नाही, यांची आहे." पलीकडे क्षणभर शांतता. मग आई जोरात हसली आणि म्हणाली, "बाई गं, श्रीखंड्या आला की तुझ्या घरी!"